पाच सांगून आठ

त्या म्हाताऱ्यानं मला फसवलं. तीन महिने, दर रविवारी, तीन-तीन किलोमीटरला फसवलं. आणि ते कमी पडलं म्हणून जाताना माझ्या शब्दावरही हात मारून गेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायचं की माझी तक्रार मिटली. मिटलेली नाही.

माझा धंदा गलाईचा. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं चोख सोनं काढून द्यायचं. आटपाडीकडून पंधराव्या वर्षी चेन्नईत आलो ते दुसऱ्याच्या भट्टीवर फुंकणी मारायला. आज दुकान माझं आहे. या धंद्यात भांडवल दोनच, भट्टी आणि जीभ. भावात मी कुणाला सोडत नाही. रद्दीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांना मी रडवलंय आणि त्याची मला लाज नाही. पण वजन? ‘सेट, किती भरलं?’ असं गिऱ्हाईक विचारतं आणि मी सांगितलं की पुन्हा काट्याकडं बघत नाही. तीस वर्षांत माझ्या तोंडून एक गुंज खोटी निघालेली नाही. एका गुंजेवरून मी सख्ख्या मेव्हण्याला दुकानाची पायरी उतरायला लावली होती.

तर अशा माणसाला फसवायचं म्हणजे धाडसच.

सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या वाफेनं माझी छाती गेली होती. डॉक्टरनं फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘चाला. जमलं तर पळा. नाहीतर दोन वर्षांनी जिना चढताना बायकोचा हात धरावा लागेल.’ मुलीच्या नोकरीपायी आम्ही नुकतेच पेरुंगुडीला राहायला आलो होतो. आमच्या इमारतीखालूनच दर रविवारी पहाटे पाचला एक घोळका पळायला निघायचा. शोळिंगनल्लूरच्या कंपन्यांतली पोरं, बँकेतले लोक, एक नर्स, एक रिक्षावाला. मी खाली उतरलो.

घोळक्याच्या कडेला एक म्हातारा उभा. खाकी अर्धी चड्डी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खिशात पेन. पळायला आलेल्या माणसाच्या खिशात पेन! कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केलेले. हातात कापडी पिशवी. सगळे त्यांना ‘ताता’ म्हणत होते, म्हणजे आजोबा. ताता माझ्यासमोर येऊन पिशवी उघडी धरून उभे राहिले.

“घड्याळ,” ते तमिळमध्ये म्हणाले. “फोन पण.”

“का?”

“नवीन आहात. तीन महिने घड्याळ नाही.”

मी मराठीत पुटपुटलो, “काय येडं म्हातारं आहे.”

म्हातारा हसला. “येडें होय,” तो चक्क मराठीत म्हणाला. “पण ऐकूं येतें.”

तंजावरकडचे मराठी. शेकडो वर्षांपूर्वी राजाबरोबर खाली आलेल्यांपैकी. बोलण्यात तमिळचे हेल आणि शब्द असे की आमच्याकडं फक्त जुन्या पोथ्यांत सापडतील. मला हसू आवरेना. त्यांनी ते पाहिलं.

“हसतां कशास? तुमचें मराठी कालचें, सेटजी. आमचें जुनें, कसदार. बोटांवर तेजाबाचे डाग आहेत, तुम्हीं सोन्यांतले ना? तुम्हांस ठाऊक पाहिजे.”

“आज किती पळायचंय?” मी विषय बदलला.

“पांच.”

“पाच किलोमीटर? मला अर्धाही होणार नाही.”

“सरि, बरें, मग अर्धा करा. मागें मी आहें.”

त्या गटात त्यांची जागा ठरलेली होती, सगळ्यांच्या मागं. कुणी कितीही रेंगाळलं तरी ताता त्याच्याही मागं. मी पहिल्या दिवशी चाललोच जास्त, दर वीजखांबाला थांबलो, आणि शरमून म्हणालो, “माझ्यामुळं तुम्ही अडकलात. मी शेवटचा.”

“शेवटला मी,” ते म्हणाले. “तुम्हीं कसे शेवटले?”

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. किती जणांना ते ऐकवलं असेल देव जाणे. त्या गटात कधी कुणी शेवटचा आलाच नाही.

दुसरं वाक्य भांडणाबद्दलचं. माणसं जमली की कुरबुरी आल्याच. रस्ता हाच का, वेळ तीच का, अमका पुढं का पळाला. तातांचा नियम असा की तक्रार असेल ती पळता पळता सांगायची, उभं राहून नाही. “भांडावयास दम उरला असेल तर वेग कमी आहे,” असं म्हणून ते वेग वाढवायचे. निम्मी भांडणं पुढच्या वळणापर्यंत मरून जायची.

आणि तिसरी गोष्ट, तांदूळ. त्यांची आई रोज भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवायची, दानासाठी. तमिळमध्ये त्याला ‘पिडि अरिसि’ म्हणतात, मुठीचे तांदूळ. तातांनी ती रीत पळण्याला जोडली. जेवढे किलोमीटर पळाल तेवढ्या मुठी पुढच्या रविवारी घेऊन यायच्या. मूठ स्वतःची. त्यांच्या मोपेडच्या पुढ्यात एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात सगळ्यांनी ओतायचं. तो डबा एका सरकारी दवाखान्याबाहेरच्या स्वयंपाकघरात जायचा. पेशंटबरोबर गावाकडून आलेली माणसं तिथं फुटपाथवर झोपतात, त्यांना सकाळची पेज मिळायची.

मी घरी सोन्याच्या काट्यावर माझी मूठ तोलली. मग दर वेळी तेवढीच भरेल अशी सवय केली. पाच किलोमीटर, पाच मुठी. एक दाणा कमी नाही.

तीन महिने असे गेले. चालणं कमी झालं, पळणं वाढलं. मी रात्री खोकायचा थांबलो हे मला बायकोनं सांगितलं. मला कळलंच नव्हतं. दुकानात एकदा एका दलालावर भडकलो, पण ओरडता ओरडता नाकानं श्वास घेतोय हे लक्षात आलं आणि राग मध्येच सुटला. दलाल घाबरून भावात जास्तच उतरला. म्हणजे फायदाच झाला.

तेराव्या रविवारी तातांनी आम्हा तीन नव्यांना बोलावलं. मी, माझ्या आगेमागेच आलेली ती नर्स आणि एक कंपनीतला पोरगेलासा इंजिनिअर. पिशवीतून आमची अंतर मोजणारी घड्याळं काढून स्वतःच्या हातानं मनगटावर बांधली. तोच रस्ता पळालो. मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमागून, कंपन्यांच्या मागच्या गल्ल्यांतून, वळणावळणांचा. परत येऊन घड्याळ बघितलं.

आठ.

नर्स मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. इंजिनिअर ओरडत सुटला. मागून सगळा गट टाळ्या वाजवत आला, कुणीतरी केसरी शिरा करून आणला होता. सगळ्यांना ठाऊक होतं! दर नव्या माणसाला असंच पाच सांगून आठ पळवायचं, आणि कुणी फोडायचं नाही, ही या लोकांची रीतच होती. प्रत्येक जण कधी ना कधी असाच फसला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

माझ्या डोळ्यांपुढं मात्र वेगळंच. माझ्या दुकानात सरकारी माणसाला खोटं वजन सापडावं तसं मला झालं.

“हे खोटं माप आहे!” मी ओरडलो. “लाज नाही वाटत? तीन महिने तोंडावर खोटं बोललात!”

ताता शांतपणे म्हणाले, “पळतांना सांगा.” आणि निघाले.

मी मागं धावलो. सोडतो काय! “तुम्ही रेल्वेत होतात ना? काय करत होतात?”

“चाकांचें माप तपासत होतों.” ते खरं होतं. रेल्वेच्या चाकात केसाएवढा फरक पडला तरी अख्खा डबा परत पाठवायचे, असा त्यांचा लौकिक.

“मग? केसाचा फरक चालत नव्हता, आणि इथं तीन किलोमीटर गिळता?”

“लोखंडास माप खरें, सेटजी. माणसास त्याचें माप सांगितलें कीं तो तितकाच राहतो.”

“हे शब्दांचे खेळ मला नकोत! पाच म्हणजे पाच! आठ म्हणजे आठ! आणि ते तांदूळ? मी पाचच मुठी आणल्या! आठ पळालो आणि पाच दिल्या! माझ्या हातून कमी माप गेलं, माझ्या!”

“गेलें नाहीं.”

“कसं गेलं नाही?”

“वरल्या तीन मुठी मी घातल्या. खोटें बोलणाऱ्यानें भरायचें. रीत आहे.”

पुढचा वीजखांब आला, गेला. तेवढ्यात ताता मनगटाकडं बोट दाखवून म्हणाले, “आतां पहा.”

घड्याळात नऊ किलोमीटर झाले होते. आठ पळून झाल्यावर वरचा एक मी भांडत पळालो होतो. ओरडत. न थांबता. ज्या छातीचा फोटो डॉक्टरनं दिव्यासमोर धरला होता, तीच छाती.

मी अजून चिडलो.

दुसऱ्या दिवशी पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं रिक्षात घालून तांबरमला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. भिंतीवर खिळ्यांना चाकं मोजायची लोखंडी मापं टांगलेली, तेल लावून चकचकीत ठेवलेली. मी पोतं दारात ठेवलं. “माझ्या वाटच्या मुठी. आपला हिशेब मिटला.”

“कॉफी घ्याल?”

“पोतं घ्या आधी.”

“कॉफी घ्या. पोतें रिक्षांत ठेवा.”

मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा तिथं केला आणि हरलो. अर्धं घ्या म्हणालो. पाव घ्या म्हणालो. मुठी मोजून तेवढेच घ्या म्हणालो. चिडून उठलो, दारापर्यंत गेलो. या चालीला समोरचा हमखास हाक मारतो. त्यांनी मारली नाही. मीच परत येऊन बसलो. ते कॉफी उंचावरून ओतून गार करत होते.

“दिलेली मूठ परत विकत नाहीं,” एवढंच म्हणाले. “तुम्हीं घातली असती तर तुमची. मी घातली ती माझी. तुम्हांस घालायची असेल तर पोतें तिथें नेऊन घाला. मज कशास दाखवतां?”

ते पोतं मी त्या स्वयंपाकघरात नेऊन टाकलं. तिथल्या बाईंनी मला पळी दिली आणि वाढायला उभं केलं. समोर माणसं भांडी घेऊन उभी, डोळ्यांत झोप नाही, कुणाचा नवरा आत, कुणाची लेक आत. पेज कुणाच्या किती किलोमीटरची, हे कुणी विचारत नव्हतं. मी दुपारपर्यंत दुकान उघडलं नाही. तसं आधी कधी झालं नव्हतं.

एक प्रसंग सांगायचा राहिला. मे महिना. पहाटेच अंगाला चटका बसत होता. पुढं पळणाऱ्या पोरांपैकी एक जण गरगरून कोसळला. ओरड ऐकू आली तेव्हा मी मध्यावर होतो. बाजूनं काहीतरी सप्पकन गेलं. ताता! खिशातलं पेन, बटणं लावलेला शर्ट, सगळ्यासकट, सत्तरीचा माणूस आम्हा सगळ्यांना मागं टाकून असा गेला की पायांचा आवाजसुद्धा आला नाही. दर रविवारी आठ किलोमीटरांत पहिल्या येणाऱ्या पोरांनाही त्यांना गाठता आलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी पोराला सावलीत ओढलं होतं, बूट काढले होते, नारळपाणीवालीकडची पाण्याची बादली त्याच्यावर रिती केली होती. पोरगं डोळे उघडून म्हणालं, “सॉरी, ताता.”

“सॉरी नको. पुढच्या रविवारी नाश्ता करून ये.”

आम्ही सगळे तातांकडं बघत उभे होतो. पोरगं वाचलं म्हणून तर होतोच, पण दुसऱ्याही कारणानं. हा माणूस इतका पळू शकत होता. आणि वर्षानुवर्षं दर रविवारी तो आमच्यासारख्या धापा टाकणाऱ्यांच्या मागं, आमच्या पावलानं, रांगत आला होता. मी सोन्याचा कस बघणारा माणूस. इतके महिने माझ्या शेजारी काय पळत होतं ते मला ओळखता आलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात त्यांचा गुडघा गेला. कोइमतूरहून मुलगी आली आणि सामान बांधायला लागली. शेवटच्या रविवारी ते काठी घेऊन आले आणि मला बाजूला घेतलं.

“मागें तुम्हीं राहा.”

“राहतो. त्यात काय.”

“आणि नव्यांस पांच सांगा.”

“ते जमणार नाही,” मी म्हणालो. “दुसरं काही सांगा. तांदूळ पोचवतो, डबा वाहतो, पण हे नाही. माझा धंदा जिभेवर आहे.”

“म्हणून तर तुम्हीं.” ते अगदी जवळ आले. “मी पांच म्हटलें कीं आतांची पोरें हसतात, म्हातारें बरळतें म्हणतात. तुम्हीं पांच म्हटलें तर कोण संशय घेईल? तुम्हीं तर तोलून बोलतां.”

बघा. तीस वर्षं मी जे एकेक गुंज करून जमवलं, ते या माणसाला खर्चायला पाहिजे होतं.

“नाही म्हणजे नाही,” मी म्हणालो.

“सरि,” ते म्हणाले. नाराज नाहीत, काही नाहीत. मी दुकानात असताना घरी येऊन माझ्या बायकोकडं ती कापडी पिशवी देऊन गेले. तिनं घेतली. ‘आजोबा गोड बोलतात हो,’ म्हणाली.

पिशवी खुंटीवर राहिली. मी मागं पळायला लागलो, पण नव्या माणसानं विचारलं की खरं सांगायचो, आठ. एके महिन्यात चार जण आले. चौघांनाही आठ सांगितलं. दोघं पुढच्या रविवारी आले नाहीत, तिसरा त्याच्या पुढच्या. नर्स मला म्हणाली, “सार, तुम्ही आकडा सांगता तेव्हा त्यांचे चेहरे बघा ना.” मी म्हणालो, “चेहरे बघायचं काम माझं नाही. माप सांगायचं काम माझं.”

गेल्या रविवारी एक बाई आली. जवळच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते. साडी वर खोचलेली, पायांत मुलाचे जुने बूट, मोठे होणारे, पुढं कापूस भरलेला. साखर वाढलीय, डॉक्टरनं सांगितलंय. माझ्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं त्याच तोऱ्यात सांगितलं असणार.

“किती लांब, सार?”

मी तोंड उघडलं. ‘आठ’ जिभेवर होता. तिनं पदराचं टोक मुठीत असं धरलं होतं की आकडा ऐकला की ती वळणार, सरळ बसस्टॉपवर जाणार, आणि पुन्हा कधी येणार नाही, हे मला काट्यावर दिसावं तसं स्पष्ट दिसलं.

“पाच,” मी म्हणालो.

“पाचच ना?”

“पाच. फोन इकडं द्या.”

पिशवी घरी होती. तिचा फोन मी माझ्या खिशात ठेवला. तिनं मान डोलावली आणि चालायला लागली. माझ्या शब्दावर. दुसरं काहीही न विचारता.

तिला जवळजवळ दोन तास लागले. वीजखांबांपाशी थांबली, एकदा रडली, एकदा मला शिव्या दिल्या. मी मागं होतो. शेवटी चहाच्या टपरीसमोरच्या कट्ट्यावर बसून तिनं फोन मागितला आणि बहिणीला लावला. “अगं, पाच किलोमीटर! मी! पायानं! खोटं नाही गं, सार इथं उभे आहेत, त्यांनाच विचार!” आणि फोन माझ्या कानाला लावला.

“खरंच पाच का, सार?” पलीकडून बहीण.

“खरंच पाच,” मी म्हणालो.

एकदा नाही, दोनदा. दोन बायकांना. भर उजेडात. आणि माझा आवाज कापला नाही, घाम आला नाही, उलट छाती अशी भरून आली की तेजाबाच्या वाफेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते सोसेना. घरी येऊन तिच्या नावानं तीन मुठी काढून ठेवल्या.

मी कोइमतूरला फोन केला. मुलीनं उचलला. “अप्पा खाली गेलेत. बिल्डिंगमधल्या बायकांना घेऊन चालायला. दोनच किलोमीटर म्हणाले.”

दोनच! काठी टेकत!

तुम्ही हे वाचाल, ताता, कारण मी ते तुमच्या मुलीच्या हाती पडेल अशी व्यवस्था करणार आहे. मी आयुष्यात कुणाचं खोटं माप केलं नाही. आता माझ्या तोंडून दोनदा निघालंय, आणि येत्या रविवारी ती बाई तिच्या बहिणीला घेऊन येणार आहे, म्हणजे तिसऱ्यांदाही निघणार. हे मी तुमच्या जाण्याआधी करत नव्हतो. तुम्ही मला असं करून ठेवलंत. मी तुम्हाला सोमवारपासून रोज फोन लावतोय आणि तुम्ही रोज ‘खाली’ असता. आता वर या, फोन हातात घ्या, आणि मला सांगा: माझ्या शब्दाचं तुम्ही हे जे केलंत, त्याला जबाबदार कोण?